खुंटावरची लोकर

१

सोमवारी सकाळी सातव्या ओळीत झाडंच नव्हती.

म्हणजे दोन होती, नऊपैकी दोन. बाकीच्या सात पॉपलरांच्या जागी कमरेएवढ्या उंचीचे सात खुंट ओढ्याच्या काठाला उभे होते आणि खोडांचा कुठे मागमूस नव्हता. ओढा तुडुंब होता. त्याला काही विचारून उपयोग नव्हता.

पातीबाईंना हे जिन्यातच कळलं. लाकडावर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत चौतीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या. यंत्राच्या पात्याखाली लाकूड धरायचं, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि ते काचेवर चढवायचे. त्या पात्यावरून कुणीतरी पातीबाई म्हणालं आणि तेच नाव पडलं. हल्ली एक मजला चढला की त्यांना मध्ये थांबावं लागे. त्या थांबल्या होत्या तेवढ्यात वरून साहेबांची हाक आली.

"बाई, जरा आत या."

संचालकसाहेब कमरेचा पट्टा सावरत खुर्चीत बसले होते. समोर एक टाइप केलेलं पत्र होतं, अजून सही नसलेलं.

"करवत तुमच्या भावाची," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात त्या संशोधक मुलीशी भांडण झालं तेही तुमच्या भावाचं. परवा बाहेरचे परीक्षक येणार होते, स्वतःच्या हातानं त्याच झाडांचं लाकूड काढून तपासणार होते. आणि आज झाडं नाहीत. भावाला विचारलं तर तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"शेडची किल्ली व्हरांड्यात खिळ्याला असते साहेब. कुणीही घ्यावी."

"मग त्यानं तसं बोलावं ना!" साहेबांनी पत्रावर बोट ठेवलं. "पाच वाजता मी यावर सही करणार. बडतर्फीची. त्याच्या पेन्शनला दोन वर्षं राहिलीत हे मला माहीत आहे. पण मंडळाला कुणाचं तरी नाव द्यावं लागेल."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहाला पाच कमी होते.

"पाचपर्यंत थांबाल ना? नक्की?"

"पाचपर्यंत."

त्या उठल्या. ही नोकरी भावाला त्यांनीच लावून दिली होती, सव्वीस वर्षांपूर्वी, याच खोलीत दोन साहेबांमागच्या साहेबांपुढे हात जोडून. आता पुन्हा हात जोडायचं त्राणही नव्हतं आणि इच्छाही नव्हती.

२

माळी शेडमध्ये उलट्या बादलीवर बसला होता. ताईला बघून उठला नाही. एरवी उठायचा.

"काय रे? साहेबांपुढे मुका का झालास?"

"काही नाही."

"करवत कुणाला दिली होतीस?"

"कुणाला नाही."

"तू कापलीस झाडं?"

"ताई, तू विचारू नकोस." त्यानं मान खाली घातली. "सगळ्यांनी विचारावं. तू तर नकोसच."

लहानपणी फुलदाणी फोडली की तो असाच बसायचा. पण फुलदाणी त्यानं फोडलेली नसली तरी असाच बसायचा, हेही बाईंना आठवलं. त्यांनी मोहरा वळवला.

"त्या मुलीशी भांडण कशावरून?"

इथे मात्र त्याला वाचा फुटली. "भांडण कसलं! काठ खचतोय म्हटलं. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात माती गेली तेव्हापासून ओळ ओढ्याकडे कलतेय. खाली दगड रचू द्या म्हटलं. ती म्हणते, मुळं दुखावतील, प्रयोग बिघडेल. मी म्हटलं, बाई गं, झाड आडवं झालं की तुझा प्रयोग पण आडवा होईल. आवाज चढला माझा. चुकलंच."

"सगळी ओळ कलली होती?"

"टोकाची दोन सोडून. तिथे खडक आहे खाली."

बाईंनी भिंतीवरची करवत काढली. दाते स्वच्छ होते, पानाला भुशाचा कण नव्हता. त्यांचा भाऊ कामाला वाघ, पण हत्यार पुसणं त्याच्या गावीही नसे. त्यावरून त्या त्याला सव्वीस वर्षं बोलत आल्या होत्या. त्यांनी पातं नाकाजवळ नेलं.

स्पिरिटचा वास होता, प्रयोगशाळेतल्या स्पिरिटचा.

भाऊ त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती. पण ती स्वतःसाठीची भीती नव्हती, एवढं बाईंना कळलं. कुणासाठीची, ते कळेना.

३

ओढ्यापर्यंतची पायवाट सपाट होती, हे एक बरं होतं. वाटेच्या डाव्या हाताला सहावी ओळ, नेहमीच्या साध्या पॉपलरांची, नाकासमोर चालणाऱ्या माणसांसारखी सरळ उभी. उजव्या हाताला सातवी. तिच्या मुळांशीच काठ तुटून खाली पाण्यात उतरला होता. टोकाची दोन झाडं तेवढी सरळ होती.

बाईंनी पहिल्या खुंटावर हात टेकला आणि आधी दम घेतला.

मग त्यांच्या लक्षात आलं की हात टेकायला वाकावं लागलं नव्हतं.

माळी कधीही झाड असं कापत नाही. तो जमिनीलगत कापतो. उंच खुंट ठेवला की त्याला फुटवे येतात आणि वर्षभर डोक्याला ताप होतो. त्या संशोधक मुलीला गुडघ्यांवर बसायची अजून हौस होती, तिनंही खालीच कापलं असतं. सातही खुंट कमरेइतके उंच होते आणि सातही वाटेच्या बाजूनं कापायला घेतलेले. ज्यानं कापलं त्याला वाकता येत नव्हतं, आणि काठावरून खाली उतरता येत नव्हतं.

वाकता न येणारी माणसं संस्थेत तीन होती. कमरेला पट्टा बांधणारे साहेब. रसायनशाळेतले भुसाशेठ. आणि त्या स्वतः.

त्यांनी खुंटाच्या कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं, ओढ्याकडून वाटेकडे. ओढ्याच्या बाजूला लाकूड गुळगुळीत लागलं. मध्यापासून पुढे बोट अडखळू लागलं. वाटेच्या बाजूला करवतीनं तंतू तुटण्याऐवजी उचकटले होते. बारीक, पांढरे, मऊ. मेंढीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं.

त्यांनी दुसरा खुंट पाहिला, मग तिसरा. सातांवरही लोकर होती, आणि सातांवरही वाटेच्याच बाजूला.

"अरे देवा," पातीबाई हळूच म्हणाल्या. चोर कोण हे त्यांना अजून कळलं नव्हतं. पण चोरी कशाची झाली होती ते कळलं, आणि ती झाडांची नव्हती.

४

संशोधक मुलगी तिच्या टेबलाशी बसली होती. रडून झालं होतं. आता नुसती बसली होती.

"मावशी, सहा वर्षं," ती म्हणाली. "लग्न पुढे ढकललं, आई बोलेनाशी झाली. सहा वर्षं."

"मला एकदा सांग गं, तू त्या झाडांचं नेमकं काय केलं होतंस. मी अडाणी समजून सांग."

"तुम्ही आणि अडाणी!" ती जराशी हसली. "पेशीची भिंत म्हणजे सेल्युलोजच्या सुतळ्या, आणि त्यांच्यामध्ये भरलेली खळ म्हणजे लिग्निन. खळीमुळे लाकूड ताठ राहतं. पण कागद करायचा तर तीच खळ काढताना कारखान्यांच्या नाकी नऊ येतात, नदी नासते. लिग्निन बनवणाऱ्या जनुकांपैकी एक मी गप्प केलं. साध्या झाडात लिग्निन शंभरात चोवीस, माझ्या झाडात सतरा. जगात कुणाचं झाड एवढं खाली येऊन असं धडधाकट राहिलेलं नाही."

"नऊच्या नऊ झाडांत सतरा?"

"सातांत. पहिली दोन वर्षं सगळी तेवीसच्या आसपास होती, मग सात उतरत गेली. दोन हट्टी निघाली, तेवीसच्या खाली येईनात. त्यांच्यात जनुक नीट गप्प झालं नसणार असं धरून आम्ही ती हिशेबातून वगळली." ती पुढे झुकली. "तेच तर म्हणते मी! चोरानं नेमकी चांगली सात नेली, हट्टी दोन ठेवली. आकडे माहीत असल्याशिवाय हे कसं जमेल? माळीकाकांना आकडे कुठे माहीत? मी साहेबांना हेच सांगितलं. ते ऐकून घेत नाहीत."

बाईंनी मनातल्या मनात ओळीवरून नजर फिरवली. माळ्याला आकडे माहीत नव्हते. पण कुठली झाडं कललेली आणि कुठली सरळ, हे त्याला पाठ होतं. आणि या पोरीनं ते कधी बघितलंच नव्हतं, कारण ती चार वर्षं पानं खुडायला येत होती, खोडं बघायला नाही. तिची सात चांगली आणि त्याची सात कललेली, ही तीच सात होती.

"आकडे काढले कुणी?"

"शेठकाकांनी. दुसरं कोण?"

रसायनशाळेत भुसाशेठ काचेच्या भांड्यांच्या मागे बसले होते. सगळ्या संस्थेचं लाकूड त्यांच्याकडे भुसा होऊन यायचं आणि तीव्र आम्लात विरघळून आकडा होऊन बाहेर पडायचं. त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"या बाई. गुडघे काय म्हणतात?"

"तुमच्या गुडघ्यांना विचारतायत, आधी वर कोण जातं."

दोघंही हसले. हा विनोद दहा वर्षांचा झाला होता.

"काम कठीण झालं हो," शेठ म्हणाले. "पोरीचं नुकसान झालं. पण छापलेला पेपर आहे, आकडे आहेत. झाडं काय, गेली. तुमच्या भावाचं मात्र वाईट वाटतं."

"तुमची नोंदवही बघू का जरा?"

त्यांनी वही सरकवली. सुंदर अक्षर. दर वर्षी, प्रत्येक झाडापुढे: 'गिरमिटानं नमुना घेतला. दोन्ही बाजू, मिसळून.' नियमच तसा होता. छातीच्या उंचीवर खोडाला समोरासमोर दोन भोकं पाडायची, दोन्हींचा भुसा एकत्र करायचा.

"दोन्ही बाजू," बाईंनी वाचलं.

"दोन्ही बाजू," शेठ म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला. पुसायचा कापूस त्यांनी शेजारच्या बाटलीतल्या स्पिरिटात बुडवला.

५

बाई पुन्हा ओढ्यावर गेल्या. एका दिवसात दोन फेऱ्या म्हणजे उद्याचा दिवस गेला, हे त्यांना माहीत होतं. टोकाच्या दोन सरळ झाडांना त्यांनी छातीच्या उंचीवर हात लावून पाहिलं. वाटेच्या बाजूला, नंबराच्या पट्टीशेजारी, मेणानं बुजवलेली चार भोकं होती. चार वर्षांची चार. ओढ्याच्या बाजूला त्यांनी हात वळवून साल चाचपली. साल अखंड होती.

येताना त्यांनी एका खुंटाची ढलपी बरोबर आणली. मग पात्याशी बसल्या, आणि तेवढा वेळ त्यांना काही दुखलं नाही. काप काढला, दोन रंग दिले. लिग्निनला लाल रंग चढतो, नुसत्या सेल्युलोजला निळा. साडेतीनला त्यांनी मुलीला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"हा ओढ्याकडचा भाग. काय दिसतं?"

"लाल. नेहमीसारखं."

"आता काच सरकव. वाटेकडचा."

मुलगी बघत राहिली. प्रत्येक तंतूच्या आत, लाल कडेला चिकटून, निळा जाडजूड थर होता.

"रुंद पानांचं झाड कललं," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "की वरच्या बाजूला ते निराळं लाकूड घालतं. स्वतःला ओढून सरळ करायला दोरखंडच वळतं म्हण ना. त्यात सेल्युलोज भरमसाट, लिग्निन थोडं. करवत लावली की त्याची लोकर निघते. हे कुठलंही झाड करतं, बाळा. त्याला तुझं जनुक लागत नाही."

मुलीनं काच मागे-पुढे सरकवून दोन्ही भाग पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे हट्टी दोन..."

"हट्टी नव्हती. सरळ उभी होती."

"तीच खरी होती. आणि आम्ही तीच वगळली." ती उठली. कापाचा एक फोटो काढून घेतला, खुर्ची नीट आत सारली आणि निघून गेली. तिला हाक मारावी असं बाईंना वाटलं. पण हाक मारून सांगणार काय?

चार वाजून गेले होते. त्या रसायनशाळेत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"शेठ, तुम्ही एकाच बाजूनं भोक पाडत होतात."

भुसाशेठनी हातातली नळी जागेवर ठेवली.

"ओढ्याकडे उतरायला हवं ना दुसऱ्या बाजूसाठी," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी म्हटलं, सरळ झाड आहे, दोन्ही बाजू सारख्याच. पुढच्या वर्षी पाय आणखी वाईट. मग सवयच झाली. पट्टी बघायची, पट्टीशेजारी गिरमिट लावायचं. वहीत मात्र नियमाचंच लिहायचो."

"मग कळलं केव्हा?"

"महिन्यापूर्वी. एका झाडाची पट्टी पडली होती, माळ्यानं ती ओढ्याच्या अंगाला ठोकली. मी घसरत, बसत उतरलो खाली. पट्टीशेजारी भोक पाडलं. आकडा आला सव्वीस. शेजारच्या झाडाचा सतरा. तीन वेळा केलं बाई. तिन्ही वेळा सव्वीस." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "परीक्षक दोन्ही बाजूंनी भोकं पाडणार होते. तीस वर्षांत माझा एक आकडा कुणी परत तपासला नाही. काल दुपारी इथे चिटपाखरू नव्हतं. झाडं ओढ्याकडेच कलली होती, कापली की आपसूक पाण्यात. सरळ दोन ठेवली. ती खोटं बोलत नव्हती."

"आणि माझा भाऊ?"

शेठनी नळ्या रांगेत लावायला घेतल्या.

"सकाळी दहापासून तुम्हाला ठाऊक आहे, पत्र तयार आहे ते. वाईट वाटतं म्हणालात मला."

"निवृत्तीला तीन महिने राहिलेत माझ्या," शेठ म्हणाले. "बाहेरचा कुणी चोर म्हणा ना. आपण दोघांनी मिळून सांगितलं तर साहेब ऐकतील."

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. रागवायला अंगात जोर लागतो. तो शिल्लक नव्हता.

"मी तुमचं नाव घेणार नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं एका किटलीतला चहा प्यायलोय आपण. पण खोटंही सांगणार नाही. इथे बसून राहते. पाचला वीस कमी आहेत. तुमच्या पायांनी जिना चढायला दहा मिनिटं लागतात."

६

भुसाशेठनी साहेबांपुढे उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाई दाराशी होत्या. माळ्याला पत्र घ्यायला बोलावलं होतं, तोही भिंतीला टेकून ऐकत होता. शेठचं सांगून झालं तेव्हा तो ताईकडे असा पाहत राहिला, की जणू ती परगावाहून आज आली होती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं नाही.

"शेठ, बसा," ते सावकाश म्हणाले. "हे कुणाकुणाला माहीत आहे? आपल्या चौघांना. बरोबर? आता विचार करा. पेपर खोटा ठरला तर पोरीची डिग्री जाते, संस्थेचा निधी जातो, माझं जाऊ द्या. त्यापेक्षा झाडं एका माणसानं रागाच्या भरात कापली, एवढं म्हटलं तर..." त्यांनी माळ्याकडे पाहिलं नाही. "बाई, पेन्शनचं मी दुसरीकडून काहीतरी बघीन. शब्द देतो."

बाईंनी पत्राकडे पाहिलं. दिवसभर त्या चोर शोधत फिरल्या होत्या, आणि चोर सापडल्यावर पत्र तसंच टेबलावर होतं.

"पाच जणांना माहीत आहे, सर."

दाराबाहेरून सगळं ऐकलेली संशोधक मुलगी आत आली. तिचे डोळे कोरडे होते.

"पेपर मागे घेत असल्याचं मी कळवलंय. चार वाजता. परीक्षकांनाही कळवलं; कारणासकट, मावशींच्या कापाच्या फोटोसकट. सरळ दोन झाडं तपासायला या, असं लिहिलंय."

"मला न विचारता?" साहेब उभे राहिले, कमर धरून परत बसले. "तुझी सहा वर्षं होती ती!"

"माझीच होती, सर. म्हणून नाही विचारलं." ती शेठकडे वळली. तिच्या ओठांवर बरंच काही आलं असावं, पण शेवटी ती एवढंच म्हणाली, "काका, नुसतं सांगायचंत. उतरले असते ना मी खाली."

शेठनी तोंडावर हात घेतला.

आता त्या पत्राचा कुणालाच उपयोग नव्हता. साहेबांनी ते उचललं, बघितलं, आणि कुणाच्या नजरेला नजर न देता दोन तुकडे करून टोपलीत टाकलं. "जा," ते माळ्याला म्हणाले. "उद्या वेळेवर ये."

बाहेर व्हरांड्यात बाईंनी भावाचा दंड धरला.

"आता सांग. का गप्प बसला होतास?"

त्यानं पायरीवरचं एक वाळकं पान पायानं बाजूला सारलं.

"करवत पुसलेली होती," तो म्हणाला. "स्पिरिटनं. खुंट उंच, न वाकता कापलेले. मला वाटलं, इथे हत्यार पुसून ठेवणारं आणि गुडघ्यानं अधू असं एकच माणूस आहे." त्यानं नाक ओढलं. "आणि परीक्षकांच्या कामासाठी पाती परजून दमलीस तेव्हा परवा तूच म्हणालीस ना, ही झाडं गेली एकदाची की मी सुटले म्हणून."

"अरे गाढवा, ते म्हणायचं असतं रे! माणूस दमला की म्हणतो!"

"मला काय माहीत."

"आणि मी कापली असं वाटून तू नोकरी घालवणार होतास? सव्वीस वर्षांची?"

"लावून तूच दिली होतीस," तो म्हणाला, जणू त्यात आणखी सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पातीबाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि दोन्ही आवरायचं बळ नसल्यामुळे त्या तिथेच पायरीवर बसल्या. भाऊ शेजारी बसला. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती.